दांडा, बटणं आणि बहिणीची भिशी

गेल्या पावसाळ्यात एका संध्याकाळी भाचा घरी आला. काखेत पुठ्ठ्याचं खोकं आणि चेहरा पडलेला. खोक्यातून त्यानं ताटाएवढी एक काळी पेटी काढली आणि माझ्या मांडीवर ठेवली. पेटीवर डाव्या हाताला लाल बोंडाचा छोटा दांडा, उजव्या हाताला आठ गोल बटणं. "मामू, हा दांडा खालचा कोपराच घेत नाही," तो म्हणाला. मी दांडा चारी बाजूंनी फिरवून पाहिला. मला तर तो छान फिरताना दिसला. पण आपल्याला दिसतं ते वेगळं आणि यंत्राला कळतं ते वेगळं, हे मला त्या दिवशी समजायचं होतं.

ही पेटी घ्यायचा सल्ला माझाच होता. माझी धाकटी बहीण मिरजेत डबे करते. आमच्या गावात चहूकडून पेशंट येतात. त्यांच्या नातेवाइकांना घरचं जेवण पोचवायचं, हा तिचा धंदा. पहाटे पाचला तिच्याकडे शेगडी पेटते. तिची भिशी लागली, त्यातले साडेचार हजार तिनं मुलाच्या हातावर ठेवले आणि मला म्हणाली, "भाई, तू बघून दे. मला त्यातलं कळत नाही." कळत मलाही नव्हतं. पण मामा झाल्यावर 'मला कळत नाही' असं म्हणायची सोय राहत नाही. मी चार चित्रं पाहिली, चार किमती पाहिल्या आणि म्हणालो, "सगळ्या सारख्याच दिसतात की! स्वस्तातली घे." तिसऱ्या महिन्यात कोपरा गेला. विकणाऱ्यानं मुदत संपल्याचं सांगून हात वर केले.

भिशीचे पैसे म्हणजे महिन्याला थोडे थोडे बाजूला काढलेले पैसे. ते आपल्या अज्ञानानं पाण्यात गेले, की जेवताना घास अडकतो. म्हणून मी ठरवलं, आधी ही वस्तू काय आहे ते नीट समजून घ्यायचं आणि मग तोंड उघडायचं. जे समजलं ते तुम्हांला सांगतो. कुणाच्या तरी घरात असाच एखादा भाचा असेल.

खरं म्हणजे ही वस्तू मला अनोळखी नव्हती. माझ्या वयाच्या लोकांना व्हिडिओ गेमचं पार्लर आठवत असेल. अंधारी खोली, कपाटाएवढी यंत्रं, टोकन टाकल्याचा आवाज आणि दारात कुणाच्या तरी वडलांची सावली. १९९३ साली कॅपकॉम या जपानी कंपनीचा 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स' नावाचा खेळ आला. हे नाव आपल्याकडे कुणी घेतलंच नाही. त्यात पिवळ्या टोपीचा, चपळ असा मुस्तफा कैरो नावाचा गडी होता. त्याच्यावरून भारतभर त्या खेळाचं नाव 'मुस्तफा' पडलं. मी तेव्हा नुकता बी. ए. होऊन नोकरी शोधत होतो. दिवस मोठे वाईट होते, नावावरून माणसं जोखली जात होती. आणि त्या अंधाऱ्या खोलीत मात्र सगळ्या गल्ल्यांतली पोरं 'मुस्तफा मी घेणार, मुस्तफा मी घेणार' म्हणून भांडत होती. मला त्याची गंमत वाटायची आणि थोडं बरंही वाटायचं.

त्याच खोलीत कोपऱ्यात 'स्ट्रीट फायटर २' असायचा. हा खेळ १९९१ चा. दोन माणसं समोरासमोर, एकाच पडद्यावर, एकमेकांशी कुस्ती धरल्यासारखी. त्याला एक दांडा आणि सहा बटणं, तीन ठोशांची, तीन लाथांची. याच्या आधीचा पहिला 'स्ट्रीट फायटर' १९८७ साली आला, तेव्हा त्याच्या एका यंत्राला बटणांऐवजी दोन मोठ्या गाद्या होत्या. जितक्या जोरात हाणाल तितका जोराचा ठोसा. माणसं आणि यंत्रं दोन्ही दमायची. मग हलका, मध्यम, जोराचा अशी बटणांची वाटणी झाली. सहा बटणांची ती मांडणी आजही तशीच चालते.

तर 'आर्केड स्टिक' म्हणजे दुसरं काही नाही, त्या कपाटाचा छातीजवळचा फळा कापून काढायचा आणि मांडीवर घ्यायचा. पार्लरं बंद पडली, खेळ घरात आले. घरच्या यंत्राबरोबर दोन्ही अंगठ्यांनी चालवायचा पॅड येतो. पण ज्यांचे हात दांड्यावर तयार झाले, त्यांना अंगठ्यानं करमेना. त्यांच्यासाठी ही पेटी आली.

आता कोपऱ्याचं काय ते सांगतो. संगणकाच्या कीबोर्डवर उजवीकडे आकड्यांचा चौक असतो, तो डोळ्यांसमोर आणा. मधला ५ म्हणजे दांडा सरळ उभा. ८ म्हणजे वर, २ म्हणजे खाली, ६ म्हणजे पुढे, ४ म्हणजे मागे. या खेळांचे खेळाडू याच आकड्यांत बोलतात. २, ३, ६ आणि ठोसा, असं केलं की स्ट्रीट फायटरमधला ऱ्यू हातांतून निळा गोळा सोडतो. दांडा खाली, मग खालच्या पुढच्या कोपऱ्यात, मग पुढे. पाव वर्तुळ झालं. यातला ३ गळला तर गोळा सुटत नाही, नुसताच ठोसा जातो, आणि तेवढ्यात समोरचा येऊन आदळतो.

पेटीच्या पोटात मात्र आठ दिशा नसतात, चारच असतात. दांड्याच्या बुडाशी चार बाजूंना चार छोटे स्विच, म्हणजे मायक्रोस्विच. दांडा मधे खिळलेला असतो. त्यामुळे तुम्ही बोंड खाली ढकललंत, की बूड वरच्या बाजूला सरकतं आणि तिथला स्विच 'टिक' करतो. कोपऱ्यासाठी वेगळा स्विच नाहीच. शेजारशेजारचे दोन स्विच एकाच वेळी दाबले गेले, की यंत्र त्याला कोपरा समजतं. म्हणजे कोपरा ही दोघांच्या सहमतीची गोष्ट आहे. एक जरी उशिरा आला तरी कोपरा नाही.

आमच्या गावातले एक चाचा त्या काळी पार्लरमधली यंत्रं दुरुस्त करायचे. आता मोटारी रिवाइंड करतात. मी आणि भाचा पेटी घेऊन त्यांच्याकडे गेलो. "काय शायर, आता या वयात?" म्हणून त्यांनी आधी माझी खेचली, मग पान्हा उचलला. खालचे स्क्रू काढले आणि दांड्याचं बूड बोटानं हलवून दाखवलं. "ही खुंटी बघा. प्लॅस्टिक झिजून बारीक झालंय. सरळ ढकललं तर एका स्विचला पोचतंय. कोपऱ्यात दोघांना एकदम पोचत नाही." आणि मग ते म्हणाले, "दुसरा दांडा बसवला असता, पण हिच्या पोटात कुठलाच ओळखीचा दांडा बसत नाही. भोकं पण भलत्याच मापाची आहेत."

मला एकदम आमची सतारमेकर गल्ली आठवली. मिरजेची सतार करणारी घराणी मुळात शिकलगारांची, हत्यारांना धार लावणाऱ्यांची. हत्यारांचे दिवस सरले, तसे ते हात वाद्यांकडे वळले. २०२४ साली इथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. या गल्लीत मी लहानपणापासून एक पाहत आलो. जाणता गवई तंबोरा घ्यायला आला, की वरचं नक्षीकाम पाहत नाही. तो तार छेडतो आणि जवारी ऐकतो. तार घोडीला जिथं जेमतेम स्पर्श करते, त्या केसभर जागेत तंबोऱ्याचा जीव असतो. ती जागा कानसीनं घासून गवयाच्या गळ्याजोगी करता येते, बिघडली तर पुन्हा करता येते. मी पेटी घेताना नक्षी पाहिली होती. दांडा आणि स्विच जिथं भेटतात ती जागा पाहिली नव्हती.

म्हणून पहिला नियम असा. पेटी घेताना पेटीचं नाव नंतर विचारा, आत दांडा आणि बटणं कुणाची आहेत ते आधी विचारा. आणि ती बदलता येतात का, ते त्याच्याही आधी. सान्वा आणि सेइमित्सू ही जपानमधली सुट्या भागांची दोन जुनी नावं. २००९ साली 'स्ट्रीट फायटर ४' घरोघरी पोचला, तेव्हा मॅड कॅट्झ या अमेरिकी कंपनीनं सान्वाचे भाग घातलेली पेटी काढली. पार्लरचाच दांडा घरी, म्हणून ती फार गाजली. पुढे २०१७ साली त्या कंपनीचं दिवाळं निघालं. पण त्या पेट्या मेल्या नाहीत. स्विच गेला की नवा स्विच, बटण गेलं की नवं बटण, असं करत लोक त्या चालवत राहिले. कंपनी जाते, माप राहतं. भाग ओळखीच्या मापाचे असले, की पेटीला आयुष्य मिळतं.

दांड्यांची तीन घराणी आहेत. पहिलं जपानी. वर ३५ मिलिमीटरचं गोल बोंड, स्प्रिंग हलकी, दोन बोटांनी फिरावा असा दांडा. सान्वाचा दांडा सैल आणि मोकळा, तर सेइमित्सूचे बरेचसे दांडे जरा घट्ट, कमी अंतरात काम करणारे. दुसरं घराणं अमेरिकी यंत्रांवरचं. बोंड लांबट, चिंचोक्या पेरूसारखं. दांडा जड, मुठीत धरून ओढायचा. तिसरं कोरियाचं. तिथं स्प्रिंगऐवजी दांड्याभोवती रबराचं कडं असतं. हात सोडला की दांडा झटक्यात मध्यावर येतो. 'टेकन' नावाच्या खेळात मागे, मध्य, मागे असं भराभर सरकत अंगावरचा वार चुकवावा लागतो. त्या चालीला जगभर कोरियाचंच नाव आहे. तिथल्या पार्लरांतल्या पोरांनी ती चाल आणि तो दांडा बरोबरच वाढवला. यातलं श्रेष्ठ कोणतं, हा प्रश्न किराणा घराणं श्रेष्ठ की आग्रा, अशासारखा आहे. तुम्ही काय गाता त्यावर ते ठरतं.

दांड्याच्या बुडाशी एक चौकट असते, तिला गेट म्हणतात. दांडा कुठवर जाईल ते ती ठरवते. जपानी दांड्यांना बहुधा चौकोनी गेट येतं. नवख्या माणसाला ते खटकतं, कारण गोल फिरवताना दांडा कोपऱ्यांत अडखळतो. पण चौकोनाचे चार कोपरे म्हणजेच चार तिरप्या दिशा. दांडा कोपऱ्यात टेकला की हाताला खात्री पटते. अष्टकोनी गेटमध्ये आठही दिशांना खाच लागते. गोल गेटमध्ये काहीच लागत नाही, सगळा भरवसा हातावर. माझं म्हणणं, सुरुवात चौकोनी गेटनं करावी आणि महिनाभर तरी बदलू नये. आणखी एक गोष्ट चाचांनी दाखवली. दांडा गेटच्या भिंतीवर आदळायच्या आधीच स्विच वाजलेला असतो. पुढचं ढकलणं वाया. जो भिंतीला धडकत खेळतो त्याचा हातही दुखतो आणि दांडाही मरतो. कान उघडे ठेवा, 'टिक' ऐकू आली की परत फिरा.

बटणांचं सोपं आहे. मुख्य बटणं ३० मिलिमीटरची, खेळ सुरू करायची वगैरे लहान बटणं बहुधा २४ मिलिमीटरची. जपानी बटण इतकं हलकं, की त्यावर बोट नुसतं विसावलं तरी दबतं. काहींना ते आवडतं, काहींची त्यात फसगत होते. पत्र्यात खटकन बसणारी बटणं वेगळी आणि जाड लाकडात फिरकीनं आवळायची वेगळी. पेटीचा वरचा भाग कशाचा आहे ते पाहून ती घ्यावीत. स्ट्रीट फायटरला सहा बटणं लागतात, टेकनला चार पुरतात. पेटीवर बहुधा आठ असतात. बटणांची रांग सरळ नसते, बोटांच्या लांबीप्रमाणे वाकडी असते. तिच्यावर पंजा ठेवून पाहा. मनगट मुडपावं लागत असेल, तर ती पेटी तुमची नाही.

पेटीचं वजन हा गुण आहे. एरवी आपण हलकं ते चांगलं म्हणतो. इथं दोन-अडीच किलोची पेटी मांडीवर स्थिर बसते. हलकी पेटी घाईच्या क्षणी नाचायला लागते. बूड रबराचं किंवा फोमचं असावं. रुंदी मांडीला मांडी लावून बसल्यावर मावेल एवढी. आपल्याकडची मुलं खुर्चीपेक्षा जमिनीवर जास्त बसून खेळतात, ते लक्षात घ्यावं. आणि तळ साध्या स्क्रूंनी उघडणारा हवा. जी पेटी उघडत नाही ती दुरुस्त होत नाही.

आता पेटीचा मेंदू. स्विच वाजला हे यंत्रापर्यंत पोचवणारी हिरवी पट्टी, म्हणजे सर्किट बोर्ड. हे खेळ सेकंदाचे साठ तुकडे करून चालतात. एक तुकडा म्हणजे साधारण साडेसोळा मिलिसेकंद. आम्ही वृत्तात लिहिणारी माणसं एका मात्रेसाठी रात्र घालवतो, त्यामुळे मला हे लगेच पटलं. २००४ साली कॅलिफोर्नियात 'एव्हो' नावाच्या स्पर्धेत जपानचा दाइगो उमेहारा अमेरिकेच्या जस्टिन वाँगशी खेळत होता. दाइगोच्या गड्यात जेमतेम श्वास उरलेला. एक लाथ अडवली तरी खेळ खलास, इतका. समोरून एकापाठोपाठ पंधरा वारांचा हल्ला आला. प्रत्येक वाराच्या नेमक्या क्षणी दांड्याला पुढे एक टिचकी दिली, तर तो वार काहीही नुकसान न करता झेलता येतो. दाइगोनं पंधराच्या पंधरा झेलले आणि उलटा मारा करून तो डाव जिंकला. ते चित्रण आजही लोक पाहतात. अशा खेळात बोर्डानं निरोप दोन तुकडे उशिरा पोचवला, तर चूक बोटांची नसून पोस्टमनची असते. बाजारात 'झिरो डिले' नावाचा एक स्वस्त बोर्ड मिळतो. विलंब शून्य, असं त्याचं नाव सांगतं. प्रत्यक्षात तो चांगल्या बोर्डांपेक्षा मागेच असतो. नावावर जाऊ नये, हे कवींनाही लागू आहे.

बोर्डाचीच आणखी एक गोष्ट. प्लेस्टेशनची पेटी एक्सबॉक्सला चालत नाही आणि एक्सबॉक्सची प्लेस्टेशनला. मधे वेगळं जोडयंत्र लावावं लागतं. संगणकाला बहुतेक सगळ्या चालतात. तेव्हा घरात कोणतं यंत्र आहे ते खोक्यावरच्या यादीत लिहिलेलं पाहूनच पैसे द्यावेत. स्पर्धेला जायचं असेल तर वायरची पेटी बरी. सभागृहात पन्नास बिनवायरच्या वस्तू एकमेकांत गोंधळ घालतात.

मधे भाच्यानं एक नवाच फाटा काढला. "मामू, दांडाच नसलेली पेटी घेतली तर?" अशीही पेटी असते. डावीकडे दांड्याच्या जागी चार बटणं. तीन बोटांखाली मागे, खाली, पुढे, आणि अंगठ्याखाली उडी. दांड्याला एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जायला वेळ लागतो, बोटाला लागत नाही. म्हणून अलीकडे मोठमोठे खेळाडू तिकडे वळले, दाइगोसुद्धा. पण दांडा एकाच वेळी मागे आणि पुढे जाऊ शकत नाही, बटणं मात्र दोन्ही दाबता येतात. तेव्हा यंत्रानं काय समजायचं, यावर बराच वाद झाला. स्पर्धांना त्यासाठी नियम करावे लागले. अशी पेटी घेताना ती नियमात बसते का, ते विचारावं. तिच्यात झिजणारा दांडा नाही आणि ती दप्तरात मावते, हा तिचा मोठा गुण. भाच्यानं मित्राची पेटी दोन दिवस आणून पाहिली आणि परत दिली. म्हणाला, "वेगवान आहे, पण हाताला काही धरल्यासारखं वाटत नाही." हेही एक कारण आहे, आणि ते मला पटलं.

आता तुम्ही विचाराल, एवढं केल्यावर माणूस जिंकतो का? तर नाही. २०१४ साली एव्होमध्ये स्ट्रीट फायटर जिंकला तो फ्रान्सचा लफी हा खेळाडू. त्याच्या हातात पहिल्या प्लेस्टेशनचा जुना साधा पॅड होता. अमेरिकेच्या सॉनिकफॉक्स या खेळाडूनंही एव्होची कितीतरी विजेतेपदं पॅडवरच मिळवली. लाहोरचा अर्सलान ॲश पार्लरांतून शिकत पुढे आला आणि २०१९ या एकाच वर्षात त्यानं टेकनमध्ये एव्हो जपान आणि अमेरिकेतली एव्हो या दोन्ही स्पर्धा जिंकल्या. तोवर टेकन म्हटलं की कोरिया आणि जपान, एवढंच लोकांना ठाऊक होतं. आणि २०२३ साली हांगझोउच्या आशियाई क्रीडा स्पर्धेत, जिथं या खेळांना पहिल्यांदा पदकाचा मान मिळाला, स्ट्रीट फायटरचं सुवर्णपदक दक्षिण कोरियाच्या किम ग्वान-वू यानं घेतलं. वय वर्षं ४४. समोर पोरगेली मुलं. ही बातमी मी बहिणीला मुद्दाम वाचून दाखवली होती. ती म्हणाली, "म्हणजे हा अजून वीस वर्षं खेळणार?"

तेव्हा खरं उत्तर असं आहे. ज्याचा अंगठा पॅडवर खुशीत आहे, त्यानं पेटी घेऊ नये. पैसे वाचवावेत. ज्याला दांड्याची ओढ आहे त्यानं घ्यावी, पण पहिले काही आठवडे आपण आधीपेक्षा वाईट खेळणार, हे धरून चालावं. खेळांत सराव करायची एक खोली असते, तिथं आपण दाबलेली प्रत्येक दिशा पडद्याच्या कडेला उमटते. घेतल्या दिवशीच तिथं बसून आठही दिशा, दोन्ही बाजूंची पाव वर्तुळं शंभरदा करून पाहावीत. कोपरा गळतो का ते मुदतीच्या आत कळतं. आम्ही हे केलं असतं, तर ही कथा घडलीच नसती.

आमचं पुढे काय झालं, तेही सांगतो. जुन्या पेटीत काही बसेना, म्हणून नवी पेटी घरीच करायची असं ठरलं. रास्पबेरी पाय पिको नावाचा बोटाएवढा बोर्ड काही शे रुपयांत मिळतो. त्यावर चढवायचा कार्यक्रम जगातल्या हौशी लोकांनी लिहून मोफत ठेवला आहे. संगणकावर खेळणाऱ्याला तेवढं पुरतं. सुतारानं प्लायची चौकट केली, वर पातळ पत्रा, चाचांनी भोकं पाडली. सान्वाचा दांडा मागवायचा ठरला, चौकोनी गेटचा. या वेळी पैसे मी देणार होतो. एका मुशायऱ्याचं मानधन आलं होतं. कवितेचा पैसा मारामारीला, असं मी म्हणालो. कुणी हसलं नाही.

बटणं मागवण्याआधी मी बहिणीकडे गेलो. आधीच्या खेपेला मी तिला काही विचारलंच नव्हतं. तिला त्यातलं कळत नाही, असं तीच म्हणाली होती ना! या वेळी विचारलं, "तुला काय वाटतं? कशी असावी?" ती पोळ्या लाटत होती. हात न थांबवता म्हणाली, "भाई, ती वाजते किती?"

मला आधी कळलंच नाही. मग भाच्यानं मान खाली घातली. त्यांचं घर दीड खोलीचं. तो रात्री बारा-एकपर्यंत खेळायचा आणि त्या भिंतीला लागूनच ती झोपायची, पहाटे पाचला उठायची. तीन महिने ती टिकटिक तिनं ऐकली होती. मुलाला बोलली नाही, कारण पैसे तिनंच दिले होते. मला बोलली नाही, कारण पसंती माझी होती. दोघांनी मिळून स्विचाच्या आवाजावर एवढी चर्चा केली, कान उघडे ठेवा म्हणालो, आणि तो आवाज आणखी कुणाच्या कानावर पडत होता, ते आमच्या ध्यानातही आलं नव्हतं.

आवाज न करणारी बटणंही मिळतात. सान्वाच करते. आत मऊ गादी असते, त्यामुळे बटण आपटत नाही. ती थोडी महाग आहेत. आम्ही आठही तीच घेतली. पेटीच्या तळाला फोम लावला. दांड्याची टिकटिक पूर्ण जात नाही, म्हणून अकरानंतर पेटी कपाटावर, असा नियम भाच्यानं स्वतःच केला. तो कधी कधी मोडतो. पण मोडला की दुसऱ्या दिवशी डबे पोचवायला सायकल काढतो, असं बहीण सांगते.

परवा मी गेलो, तेव्हा तो २, ३, ६ घोकत बसला होता. निळे गोळे एकामागून एक सुटत होते, एकही कोपरा गळत नव्हता. बहीण आतल्या खोलीत दुपारची झोपली होती. मी दारातच उभा राहून ऐकलं. पावसाच्या पहिल्या थेंबांसारखा, कौलावर पडतोय न पडतोय असा आवाज होता. तिची झोप मोडली नाही.